आजीचा आवाज आणि लोखंडातले गडगे

रत्नागिरीच्या पावसाला कशाचीही भीड नाही. तो कपाटात शिरतो, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांत शिरतो, पापडाच्या डब्यात शिरतो. आणि यंदा मला कळले की तो माझ्या आजीच्या आवाजातही शिरला आहे.

झाले असे, की गणपतीच्या आधीची आवराआवर करताना पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक कॅसेट सापडली. वर निळ्या शाईची चिठ्ठी : ‘आजी. ओव्या. डिसेंबर २००१.’ अक्षर माझेच. तेव्हा मी एम. ए. करीत होते आणि लोकसाहित्याच्या अभ्यासासाठी ओव्या जमवायच्या होत्या. माझ्या शहाण्या मैत्रिणी ग्रंथालयात जाऊन बसल्या. मी मामाचा टेपरेकॉर्डर उचलून संगमेश्वरकडे आजोळी गेले.

आजी तेव्हा ऐंशीच्या घरात होती. गावात पिठाची गिरणी येऊन कितीतरी वर्षे लोटली होती आणि माजघरातल्या जात्यावर कोळशाचे पोते ठेवलेले असे. नुसत्या ओव्या सांग म्हटले, तर ती सरळ नाही म्हणाली. जाते फिरल्याशिवाय ओवी येत नाही, असे तिचे म्हणणे. अखेर पोते हलवले, जाते धुतले, खुंटा ठोकून घट्ट केला आणि सुपात नाचणी घेऊन आजी बसली. मी बटण दाबले. तेवढ्यात तिने त्या यंत्राकडे एकदा वाकून पाहिले आणि विचारले, “काय गो बाय, या डबीत माजा आवाज ऱ्हाणार कुटं?”

“फितीवर, आजी.”

हे उत्तर ऐकून तिचे समाधान झाले नाही. ती हसली आणि तिने जात्यात पहिला घास टाकला. आजी २००७ साली गेली. तिच्या त्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला मला वीस वर्षांहून अधिक काळ लागला, आणि तेही उसन्या विद्येवर.

कॅसेट उघडून पाहिली तर तपकिरी फितीवर लोणच्यावर यावी तशी पांढरी बुरशी! यंत्रात घालून पाहण्याचा धीर होईना. शिवाय घरात यंत्रही उरलेले नव्हते. मी ती एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कॉलेजात नेली आणि आमच्या पदार्थविज्ञानाच्या सरांच्या टेबलावर ठेवली. डॉक्टरने रोग्याची जीभ पाहावी तशी त्यांनी ती उजेडात धरली. म्हणाले, “बाई, घाबरू नका. बुरशी आली आहे ती चिकटवायच्या द्रव्यावर. आवाज चिकटद्रव्यात नसतो. आवाज लोखंडात असतो.”

आणि मग, मास्तर लोकांची सवयच ती, उत्तर पुरे करण्याऐवजी त्यांनी उलट प्रश्न केला, “मांडवीची काळी वाळू हातात घेऊन पाहिली आहेत ना कधी?”

रत्नागिरीच्या माणसाला हा प्रश्न विचारणे म्हणजे नवलच. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, आमच्या गावाला दोन समुद्र आहेत. मध्ये रत्नदुर्गाचा डोंगर पाण्यात घुसलेला. त्याच्या एका अंगाला पांढरी वाळू, तो पांढरा समुद्र. दुसऱ्या अंगाला मांडवीची काळी वाळू, तो काळा समुद्र. ही काळी वाळू म्हणजे बहुतांशी इल्मेनाइट, लोखंड आणि टिटॅनियम यांचे खनिज. साध्या लोहचुंबकाला ते फारशी दाद देत नाही. परंतु त्यात मिसळलेले मॅग्नेटाइटचे कण मात्र चुंबक दिसताच धावत येतात. मोडक्या स्पीकरमधले चुंबक कागदात गुंडाळून वाळूत फिरवायचे आणि त्याला आलेली काळी दाढी एकमेकांना दाखवायची, हा आमच्या लहानपणचा खेळ होता. सह्याद्रीचा काळा दगड झिजून नद्यांनी आणून टाकलेली ही संपत्ती आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

त्या रविवारी संध्याकाळी सर, त्यांची पत्नी आणि मी मांडवीच्या जेटीवर गेलो. सरांनी खिशातून चुंबक काढले आणि मला लोखंडाचा पहिला पाठ दिला. तो मी माझ्या भाषेत सांगते. चुका निघाल्या तर त्या माझ्या.

लोखंडाचा एकेक अणू हे चिमुकले चुंबक असते आणि शेजारच्या अणूने आपल्याच दिशेला तोंड करावे असा त्याचा हट्ट असतो. मग प्रश्न असा, की सगळेच जर एकमताचे, तर दाराचा साधा खिळा चुंबक का नसतो? याचे उत्तर प्येर वाइस या फ्रेंच पदार्थशास्त्रज्ञाने १९०७ साली दिले. लोखंडाच्या तुकड्यात अनेक भाग पडलेले असतात. एका भागात पूर्ण एकमत. पण एक भाग पूर्वेला पाहतो, तर शेजारचा पश्चिमेला, तिसरा आणखी कुठे. सगळ्यांची बेरीज शून्य. इंग्रजीत या भागांना डोमेन म्हणतात. पाठ्यपुस्तकवाल्यांनी ‘प्रक्षेत्र’ असा भारदस्त शब्द योजला आहे. मी मराठीची प्राध्यापिका, पण हा शब्द काही मला गिळवेना. आमच्या कोकणात याला साधा शब्द आहे : वाडी. गाव एक, वाड्या दहा. वाडीत एकी, आणि ग्रामसभेत गावचा निकाल शून्य!

दोन वाड्यांच्या मध्ये हद्द असते, तिला मी गडगा म्हणते. हा गडगा म्हणजे एका रेषेवर झालेला तुकडा नव्हे. लोखंडात शंभरावर अणूंच्या रुंदीत एकेक अणू थोडाथोडा वळत जातो आणि पलीकडे पोचेपर्यंत तोंड पुरते फिरलेले असते. चुंबक जवळ आणले की ज्या वाडीचे तोंड आधीच त्या दिशेला आहे, ती फोफावते. तिचा गडगा शेजाऱ्याच्या जमिनीत सरकतो. रातोरात गडगा सरकणे म्हणजे काय, हे कोकणी माणसाला समजावून सांगायला नको. आमच्या निम्म्या पिढ्या कोर्टात त्यावरच खर्ची पडल्या. मात्र लोखंडातला गडगा गुपचूप सरकत नाही. वाटेत एखादा दोष लागला की अडतो आणि मग हिसका मारून सुटतो. हाइनरिश बार्कहाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाने १९१९ साली लोखंडाभोवती तारेचे वेटोळे घालून, त्यातला प्रवाह वाढवून हे हिसके कानांनी ऐकले. खरखर, खरखर! पुढे १९३१ साली फ्रान्सिस बिटर या अमेरिकन शास्त्रज्ञाने घासून लख्ख केलेल्या पृष्ठावर चुंबकी भुकटी टाकली, तर ती नेमकी गडग्यांवर जाऊन बसली आणि आतल्या वाड्यांचा नकाशा रांगोळीसारखा उमटला. तोवर जे तर्काने मानले होते, ते डोळ्यांना दिसले.

“पण वाड्या पडतातच कशाला?” सरांच्या पत्नीने विचारले. त्यांनी इतकी वर्षे हा प्रश्न का विचारला नाही कोण जाणे.

सर म्हणाले, की सारे गाव एका दिशेला तोंड करून उभे राहिले तर त्याचा प्रभाव गावाबाहेर दूरवर पसरतो आणि तो पसरण्याला शक्ती खर्च होते. वाड्या पाडल्या, की तो आतल्या आत जिरतो. उलट गडगा बांधायलाही खर्च आहेच. तेव्हा हा सगळा जमाखर्चाचा मामला. मोठ्या तुकड्याला गडगे परवडतात. तुकडा लहान लहान करीत गेले, की एक वेळ अशी येते की गडगा बांधण्यात काहीच राम उरत नाही. सगळा कण मिळून एकच वाडी. चार्ल्स किटेल या शास्त्रज्ञाने १९४६ साली पातळ थरांसाठी आणि बारीक कणांसाठी हा हिशेब मांडून दाखवला. अतिशय पातळ थरात तर गडग्याची बांधणीही पालटते. जाड तुकड्यातल्या गडग्यात अणू उभ्याने वळतात. पातळ पापुद्र्यात त्यांना तसे परवडत नाही, ते आडवे पडूनच वळतात. हे लुई नेएल यांनी दाखवले.

आणि आता आजीच्या प्रश्नाच्या उत्तराकडे येते. ज्या कणात एकच वाडी आहे, तो फार हट्टी असतो. सरकायला त्याच्यात गडगाच नाही; त्याचे तोंड फिरवायचे तर सगळ्या अणूंना एकदम फिरवावे लागते. म्हणून एकदा दिलेली दिशा तो सोडीत नाही. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर त्याला स्मरणशक्ती असते. मांडवीच्या वाळूचा कण डोळ्यांना दिसण्याइतका मोठा, म्हणून त्यात वाड्याच वाड्या आणि स्मरणशक्ती बेताची. चुंबक दूर केले की त्याला बहुतेक सारे विसरायला होते. मॅग्नेटाइटच्या बाबतीत एका वाडीचा कण हवा तर तो साधारण ८० नॅनोमीटरच्या आत हवा. माणसाचा केस ८० हजार नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो, त्यावरून काय तो अंदाज करावा. पण म्हणून कण हवा तेवढा बारीक करून चालत नाही. पंचवीस-तीस नॅनोमीटरांच्या खाली गेले, की नुसत्या हवेच्या उष्णतेची थरथर त्याचे तोंड क्षणोक्षणी फिरवू लागते आणि तो पुन्हा विसराळू होतो. मोठाही विसरतो, अगदी धाकटाही विसरतो. लक्षात ठेवतो तो मधला. बारीक कणांच्या या विसराळूपणाचे गणित नेएल यांनीच १९४९ साली मांडले. चुंबकत्वावरील कामाबद्दल १९७० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

कॅसेटच्या फितीवरचा तपकिरी लेप म्हणजे अशाच हट्टी कणांची भुकटी. लोखंडाच्या गंजाचे हे सख्खे भावंड. कण सुईसारखे लांबट, लांबी मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढी. कॅसेटची ही जात १९६३ साली फिलिप्सने आणली. तिच्यातली फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या चालीने सरकते. आजीचा आवाज सेकंदाला दोनशे कंपने करीत होता असे धरले, तर एका कंपनाच्या वाट्याला फितीची सुमारे पाव मिलिमीटर लांबी येते. त्या पाव मिलिमीटरात सुयांच्या दिशांचा तोल एकदा इकडे आणि एकदा तिकडे. कुठे राहणार म्हणून विचारीत होतीस ना? इथे.

गावात रेडिओ दुरुस्त करणारे एक जुने काका आहेत. त्यांच्याकडे अजून चालता डेक आहे. त्यांनी कॅसेट दोन दिवस कोरड्या डब्यात ठेवली, स्क्रू काढले, फीत हाताने सावकाश उलगडून मऊ कापडाने टिपली आणि नव्या घरात बसवली. सरांनी कॉलेजातला संगणक जोडला. काकांनी बटण दाबले.

आणि सिनेमाची गाणी सुरू झाली!

एक गाणे, दुसरे गाणे, मध्ये निवेदकाचा आवाज. कॅसेटच्या पाठीवरची ती छोटी खुंटी मोडून टाकली की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही, हे मला २००१ साली माहीत होते. आणि मी ती मोडली नव्हती. घरातल्या कोणीतरी रेडिओवरची गाणी त्यावर उतरवून घेतली होती. कोणी, ते माझ्या लक्षात आले आहे. भाऊबीज तोंडावर आहे, म्हणून नाव घालीत नाही. अकरा मिनिटे गाणी चालली. मी सरांना विचारले, “त्याच्या खाली काही उरले असेल का? खरवडून काढता येईल असे?” ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “नाही. नवे भरण्याआधी यंत्र सुयांची तोंडे भराभर उलटसुलट करून पार विस्कटून टाकते. पुसले ते पुसले.”

त्या अकरा मिनिटांत आजीने माहेरच्या ओव्या गायल्या होत्या. शब्द माझ्या वहीत आहेत. आम्ही वर्गात ओवी शिकवतो ती शब्दांची : चरण, यमक, भाऊ-बहिणीचे नाते, विठ्ठल. मुले टिपून घेतात, परीक्षेत लिहितात. मीही इतकी वर्षे तेच केले. पण बाराव्या मिनिटाला गाणी तुटली आणि जात्याची घरघर सुरू झाली, तेव्हा माझ्या ध्यानात आले की माझ्या वहीतली ओवी अर्धीसुद्धा नाही. आजी चरणाच्या शेवटी थांबत नव्हती. जात्याचा फेरा जिथे जड होई तिथे थांबत होती. एक शब्द तिने तीन फेऱ्यांत ओढला होता. नाचणीचा घास टाकताना अर्धा शब्द गिळला होता. यातले काहीही कागदावर उतरलेले नाही. पुण्यातल्या गी पॉईटवाँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतून लाखावर ओव्या जमवल्या. पुढे बर्नार बेल यांनी त्यातल्या कित्येक बायकांचे आवाज ध्वनिमुद्रित केले, आणि २०१७ पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया हा संग्रह लोकांसमोर ठेवीत आहे. शब्द हाती असताना आवाजामागे इतके का लागायचे, असे मला विद्यार्थिदशेत वाटे. आता वाटत नाही.

एका ठिकाणी तर आम्ही तिघेही दचकलो. ओवी संपली, जाते थांबले, शांतता. आणि त्या शांततेत, विहिरीच्या तळातून यावी तशी पुढची ओवी अगदी पुसट ऐकू आली. दोनअडीच सेकंदांनी आजीने तीच ओवी मोठ्याने उचलली. गाण्याआधीच गाणे! काका म्हणाले, जुन्या कॅसेटींत असे होते. सरांनी कारण सांगितले. फीत गुंडाळलेली असते, तेव्हा एका वेढ्यावरचा मोठा आवाज खालच्या-वरच्या वेढ्याला अंगाशी अंग लावून असतो. वर्षानुवर्षे तसे राहिले, की शेजारच्या वेढ्यातले अगदी बारीक, कच्च्या स्मरणाचे कण त्याच्या नादी लागतात. हट्टी कण आपले धरून बसतात. विसराळू कण शेजाऱ्याचे ऐकतात. दोन वेढ्यांतले अंतर म्हणजे ते दोनअडीच सेकंद. कारण कळले, तरी अंगावरचा काटा काही लगेच गेला नाही.

मी घरघरीबद्दल तक्रार केली. जात्याचा आवाज आजीच्या आवाजावर स्वार झाला आहे, तो संगणकाने काढून टाकता येईल का? सरांनी विचारले, “जाते कुठल्या दगडाचे?”

“काळ्या दगडाचे. जांभा कसला टिकतो जात्याला!”

“मग त्यातही तेच कण आहेत,” ते म्हणाले.

हे मात्र मला खरोखरच ठाऊक नव्हते. सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा. त्यात मॅग्नेटाइटच्या जातीचे बारीक कण असतात. शुद्ध मॅग्नेटाइट ५८० अंशांच्या खाली निवले, की ते चुंबक बनते आणि त्या वेळी पृथ्वीचे चुंबकत्व ज्या दिशेला असेल ती दिशा धरून बसते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी दख्खनच्या दगडांतल्या या दिशा मोजल्या; त्यांचा निबंध १९५९ साली प्रसिद्ध झाला. दगडांची साक्ष अशी, की लाव्हा वाहिला तेव्हा आपला देश विषुववृत्ताच्या पुष्कळ खाली, दक्षिण गोलार्धात होता. शिवाय कित्येक थरांत दिशा चक्क उलटी. म्हणजे तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय उत्तर-दक्षिण आजच्या उलट होते. राधाकृष्णमूर्ती पुढे बरीच वर्षे नेमक्या याच प्रश्नाच्या मागे होते, की या काळ्या दगडात अनेक वाड्यांचे कण किती, एका वाडीचे किती आणि विसराळू किती. कारण साक्षीदार किती भरवशाचा, हे त्यावर ठरते.

म्हणजे आजी जे जाते ओढीत होती, त्याने साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची दिशा सांभाळून ठेवली होती. आणि माझ्या कॅसेटला अकरा मिनिटे सांभाळता आली नाहीत. घरघर काढून टाकण्याचा विचार मी सोडून दिला.

ओव्या आता संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये आहेत. “इथे पुन्हा लोखंडच का?” मी विचारले. सर म्हणाले, इथे मुख्यतः कोबाल्ट. पण गोष्ट तीच. चकतीवर काही दशक नॅनोमीटरांच्या आत जाडी असलेला चुंबकी थर, त्यात सुमारे आठ नॅनोमीटरांचे कण. एवढे बारीक म्हणजे विसराळूपणाच्या उंबरठ्यावरचे. म्हणून मुद्दाम जात्याच हट्टी अशी मिश्रधातू घ्यायची आणि कणाकणांमध्ये चुंबकत्व नसलेला पदार्थ भरून त्यांना वेगळे ठेवायचे. पूर्वी या कणांची तोंडे चकतीच्या सपाटीत आडवी असत; २००५ च्या सुमारास ती माडांसारखी उभी झाली, त्यामुळे थोड्या जागेत जास्त मावू लागली. इतकी बारीक अक्षरे वाचायला डोळाही तसाच हवा. काही अणूंच्या जाडीचे थर एकावर एक रचले, तर चुंबकी दिशेप्रमाणे त्यांतून जाणाऱ्या विजेला होणारा अडथळा कितीतरी बदलतो, हे आल्बेर फेर आणि पेटर ग्रुनबेर्ग यांनी १९८८ साली वेगवेगळे शोधून काढले. २००७ साली दोघांना त्याबद्दल नोबेल मिळाले. फोनमध्ये मात्र चुंबक नाही. तिथे विजेचे कण कोंडून ठेवतात. तरी फोनवरून आपण दूर कुठेतरी पाठवून ठेवतो ते फोटो आणि ते आवाज अजून पुष्कळसे अशा चकत्यांवरच असतात.

या डिस्कलाही पाच-सात वर्षांपलीकडे भरवसा नाही, असे सरांनी बजावले आहे. म्हणून प्रती तीन केल्या : एक कॉलेजात, एक माझ्याकडे, एक भावाकडे. त्याच्या प्रतीवर आता काही भरता येऊ नये अशी व्यवस्था काकांनी आपण होऊन केली आहे.

कॅसेटची दुसरी बाजू अजून उतरवून घ्यायची आहे. पहिल्याच दिवशी फीत दोनदा अडकली, म्हणून काका म्हणाले, ऑक्टोबरचे ऊन पडू दे, हवा कोरडी होऊ दे, मग बघू. त्या बाजूच्या चिठ्ठीवर मी काहीच लिहिलेले नाही. वहीतल्या ओव्याही पहिल्या बाजूबरोबरच संपतात. पुढे नुसते ‘आजी बोलली’ एवढेच टिपण आहे. काय बोलली, ते मला आठवत नाही.